लेबलावरचा शेवटचा शब्द

साहेब, एका बाईला तुम्ही तिच्या स्वतःच्या घरातून बाहेर काढलंत. नोटीस नाही, पंचनामा नाही, दाराला सील नाही. एका शब्दाने काढलंत. तुमची खुर्ची फिरती आहे की साधी, ते ठाऊक नाही. पण बाटलीच्या पाठीवर काय छापलं पाहिजे आणि काय लपवलं तर चालतं, हे ज्या टेबलावर ठरतं त्या टेबलामागे तुम्ही आहात, एवढं नक्की. तेव्हा खुर्ची जरा पुढे ओढा आणि ऐका. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. हसू आलं तर हसा, तुमच्या हसण्याला परवानगी लागत नाही. फक्त मध्येच उठू नका.

भिंगकाका एका छापखान्यात प्रुफं तपासतात. पुस्तकांची नव्हे, लेबलांची. साबण, शांपू, फरशी पुसायचं औषध, डासांचं औषध, तव्याला चिकटू न देणारं अमुक आणि काचेला चमक आणणारं तमुक, या सगळ्यांच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढी जी अक्षरं असतात ती जगात कोणी वाचत नाही, असा लोकांचा समज आहे. तो चूक आहे. भिंगकाका वाचतात. पगार घेऊन वाचतात. नाकापुढे बघून चालणारा माणूस. त्यांच्या नाकापुढे कायम एक भिंग असतं, म्हणून हे नाव पडलं.

अर्थ कळत नसलेलं इतकी वर्षं वाचत राहिलं की माणसाचं काय होतं? भिंगकाकांचं असं झालं, की ती रसायनांची लांबलचक नावं त्यांना गावांसारखी वाटू लागली. आपण गाडीत खिडकीशी बसलो आहोत, बाहेर धुकं आहे आणि कधीही न उतरायच्या स्टेशनांच्या पाट्या मागे सरकताहेत. सोडियम अमुक. इथिल तमुक. पुढे एक बेंझ-काहीतरी, जिथे गाडी जरा रेंगाळते. आणि यादी कोणतीही असो, बाटली कोणतीही असो, शेवटचं स्टेशन एकच. सुगंध. तिथे गाडी थांबते, दिवे मालवतात. त्या स्टेशनाबाहेर गाव आहे की नुसताच दगड आहे, ते पाहायला आजवर कोणी उतरलेलं नव्हतं.

छापखान्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे फरशी पुसायचं औषध बनवणारी एक कंपनी. औषधाचं नाव ‘पहाटेचं दव’. लेबल बाटलीच्या पोटावर नीट बसतं का ते पाहायला कंपनीकडून भरलेल्या बाटल्या यायच्या आणि पाहून झालं की छापखान्यातच पडून राहायच्या. मालक दिलदार. म्हणायचे, “घेऊन जा रे, उगाच जागा अडते.” बाकीचे एखादी नेत, पिशवीत घालून, जरा लाजत. भिंगकाका खोक्यानेच नेत. फुकटची वस्तू नाकारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तुमच्याआमच्याही नाही.

शिवाय त्यांना तो वास आवडायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी धोतरासारखी लुंगी वर खोचून ते स्वतः घर पुसत. झाकणभर टाका, असं बाटलीवर लिहिलेलं. तो मजकूर स्वतः तपासलेला असूनही ते दोन चार झाकणं टाकत, कारण झाकणंही फुकटच होती. मग ओल्या फरशीकडे बघत सोफ्यावर आडवे होत. डोळे मिटले की डोंगर यायचा. डोंगरावर हिरवळ, हिरवळीवर धुकं, आणि आपण वजन नसल्यासारखे त्यावरून चाललो आहोत. भिंगकाका आयुष्यात एकदाही डोंगर चढलेले नाहीत. जिना चढतानाही ते दोनदा थांबतात. पण फरशी पुसली की चढत.

काकू मात्र त्या डोंगरावर दिवसभर राहायच्या. त्या घरीच शिवणकाम करायच्या. खिडकीशी मशीन, पायाशी कापडं, चारही बाजूंना दव. आधी कपाळ दुखू लागलं. मग शिंका. मग सुईत दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी, आणि पुढे पुढे छातीत कोणीतरी टाके घालून आवळत असल्यासारखा खोकला. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली, म्हणाले, “काही नाही, हवापालट करा.” काकू बहिणीकडे गेल्या. बहीण महा चिकट. ती फरशी साध्या पाण्याने पुसते, आणि तेही भाज्या धुऊन उरलेलं असेल तर बरंच. तिथे काकू खडखडीत बऱ्या झाल्या. घरी आल्या, पुन्हा आजारी. पुन्हा तिकडे, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्या खेपेला परतल्याच नाहीत, फोन आला.

“अहो, मला इथे श्वास येतो.”

“आणि इथे?”

“तिथे घ्यावा लागतो.”

भिंगकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्यावर घोरण्यापासून विसरभोळेपणापर्यंत सगळे आरोप झाले होते, पण हवा खराब केल्याचा कधी झाला नव्हता. ते म्हणाले, “म्हणजे माझ्यामुळे?”

“तुमच्यामुळे नाही हो. त्या वासामुळे. वास गेला की मी येते. मला काय इथे राहायची हौस आहे? हिच्याकडे साखर मोजून मिळते.”

त्यांनी फोन ठेवला आणि आधी स्वतःचाच सदरा हुंगून पाहिला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात टकटकताईंना विचारलं. टकटकताई म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या बाई. बोटं अशी चालतात की खोलीत पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटावं.

“ताई, खरं सांगा. मला वास येतो का?”

बोटं न थांबवता त्या म्हणाल्या, “कुठला?”

झालं. भिंगकाकांनी ठरवलं, घराचा वास घालवायचा. त्यात काय मोठंसं? वास ही काय कपाटासारखी जड वस्तू आहे? माणसाला वाटतं, जे दिसत नाही ते हलवायला सोपं असतं.

बाई घर सोडून गेली ही बातमी जिन्याने दोन्ही दिशांना गेली होती. त्यामुळे सल्लेही दोन्ही दिशांनी आले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले हातात काठी आणि चेहऱ्यावर सहानुभूती घेऊन आले. दारातच थांबून म्हणाले, “काय म्हणतात घरून? काही... मतभेद?”

“वासाचं कारण आहे,” भिंगकाका म्हणाले.

“असं,” बँकवाले म्हणाले. तीस वर्षं कर्जदारांची कारणं ऐकलेला माणूस. “होतं असं. आपण समजून घ्यायचं. तोवर खोल्यांतून कोळसा ठेवा. कोळसा सगळं ओढून घेतो.”

वरच्या वहिनी म्हणाल्या, “कोळसा कसला ठेवता, कॉफीची पूड ठेवा.” त्यांच्या नणंदेने फोनवरून सांगितलं, कापलेला कांदा. कोणी म्हणे व्हिनेगर. भिंगकाकांनी कुणाचंच मन मोडलं नाही. घराला आता भिजलेल्या खाणावळीत कोणीतरी पहाट विसरून गेल्यासारखा वास येऊ लागला. दव तसंच होतं. त्यावर कांदा चढला, एवढंच. मग वहिनींनी स्वतःच्या घरातली एक फवाऱ्याची बाटली आणून दिली. ‘निर्गंध. सर्व वास घालवतो.’ भिंगकाकांनी सवयीने बाटली उलटी केली, भिंग लावलं. सोडियम अमुक, इथिल तमुक, आणि शेवटी, दिवे मालवून उभं असलेलं, सुगंध.

त्यांनी भिंग पुसून पुन्हा लावलं. वास घालवायच्या औषधात वास. म्हणजे चोर पकडायला आलेल्या शिपायाने जाताना आपलाच चोर भाऊ घरात ठेवून जावं. मग त्यांनी घरातली एक एक बाटली काढली. कपड्यांची पावडर, तोंडाला लावायचं क्रीम, दाढीचा फेस, काकूंच्या केसांचं तेल, हात धुवायचा पातळ साबण. सगळी गावं वेगळी, शेवटचं स्टेशन तेच. घरभर बाटल्या मांडून मध्ये मांडी घालून बसलेला तो माणूस बघून वहिनी हळूच निघून गेल्या आणि त्यांनी वर जाऊन सांगितलं, की काका आता मनाने खचले.

खचले नव्हते. चिडले होते. बाटली पिशवीत घालून ते तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. खिडकीतल्या माणसाने बाटली उचलून पाहिली.

“काय शोधायचं यात?”

“विष.”

“कुठलं?”

“तेच शोधायचंय.”

“तसं नसतं, काका. तुम्ही नाव सांगायचं, आम्ही ते आहे की नाही ते सांगतो. इथे नावानिशी शोध होतो. नावच नाही तर कुणाला शोधायचं?”

“नाव बाटलीवर असायला हवं ना?”

त्याने बाटली फिरवली. “आहे की. सुगंध.”

“मग सुगंध शोधा.”

“तो तर आहेच,” तो म्हणाला, नाकाशी झाकण नेत, आणि त्याचे डोळे किंचित मिटले. तोही डोंगरावर गेला असावा.

कंपनीच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाजाची मुलगी होती. म्हणाली, “सर, ते आमचं व्यावसायिक गुपित आहे. नियमाप्रमाणे एवढा एक शब्द पुरतो.”

“ताई, तुमचं गुपित माझ्या गादीत आहे. उशीत आहे. बायकोच्या छातीत आहे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या ठिकाणी बसलंय ते. फक्त त्याचं नाव मला कळू नये, हे कसलं गुपित?”

“सर, मी आपली भावना नोंदवून घेते.”

“भावना नको, नाव द्या.”

“आपला दिवस सुगंधी जावो, सर.”

मग साहेब, ते तुमच्याकडे आले. हो, तुमच्याच दालनाबाहेरच्या बाकावर बसले होते. तुम्ही मीटिंगमध्ये होता. शिपायाने नुकताच बोळ पुसला होता आणि भिंगकाकांना न पाहताही कळलं, कशाने. मीटिंग लांबली. फरशी चमकत होती. पंखा फिरत होता. आणि त्या बाकावर त्यांना झोप लागली, हे काही त्यांना शोभलं नाही, पण लागली.

गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली होती. धुकं इतकं दाट की फलाट दिसेना. भिंगकाका आयुष्यात पहिल्यांदाच तिथे उतरले. पायाखाली ओलं गवत. लांबून शिवणयंत्राचा आवाज येत होता, मध्येच थांबणारा. दोरा तुटला की काकू थांबतात तसा. त्यांनी हाक मारली, “अगं, कुठे आहेस?” धुक्यातून उत्तर आलं, “इथेच आहे हो. पण इकडे येऊ नका, इथे काय आहे ते मलाही दिसत नाही.” ते आवाजाच्या दिशेने चालत राहिले. गवत संपेना. खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. शिपाई म्हणाला, “काका, ऑफिस बंद झालं. साहेब केव्हाच गेले.”

घरी येऊन त्यांनी आयुष्यातला सगळ्यात धाडसी निर्णय घेतला. खोकीच्या खोकी उघडून फुकटचं सगळं दव न्हाणीघराच्या मोरीत ओतलं. मागून नळ सोडला. एवढा साठा, एवढं पाणी आणि जुन्या इमारतीचं नळकाम. त्याचा परिणाम काय होईल, हे रसायनांची नावं तोंडपाठ असलेल्या माणसाला सुचू नये, यातच त्याचं शिक्षण आलं.

पहिली ओरड बँकवाल्यांची. त्यांच्या मोरीतून फेस वर येत होता. पांढरा, मऊ, न थांबणारा. आधी न्हाणीघर भरलं, मग तो दाराखालून बाहेर आला, शांतपणे जिना उतरू लागला, जसा काही तो इथे रोजच राहतो. अंगणात पसरला. सगळी इमारत खाली जमली. संध्याकाळची तिरपी उन्हं त्या फेसावर पडली आणि त्यात शेकडो इंद्रधनुष्यं लुकलुकू लागली. क्षणभर सगळे जण ढगात उभे असल्यासारखे दिसत होते. बँकवाले काठीसकट ढगातून वर आले होते. वहिनी पुटपुटल्या, “किती छान दिसतंय.” मग त्यांना शिंक आली. त्यांच्यामागे सगळ्यांना.

“भिंगकाका,” बँकवाले शिंकांच्या मधून म्हणाले, “यापेक्षा... तुम्ही सरळ... त्यांची माफी मागा. बायकोची.”

“भांडण झालेलंच नाही हो.”

“तरी मागा.”

दुसऱ्या दिवशी छापखान्यात ते प्रुफाला बसले. टेबलावर काय यावं? ‘पहाटेचं दव’चं नवं लेबल. आकार नवा, रंग नवा, पाठीवरचा मजकूर जुनाच. भिंगाखालून गावं सरकू लागली. डोळे जड झालेले. शेवटचं स्टेशन आलं आणि त्यांची लाल पेन्सिल आपोआप समासाकडे गेली. तिथे त्यांनी लिहिलं, ‘म्हणजे काय?’

इथे या धंद्याची एक रीत सांगायला हवी. समासात नुसतं लिहिलेलं असतं ते मजकुरात घालायचं असतं. शंका असेल तर तिच्याभोवती गोल काढायचा. गोल असला की जुळवणारा समजतो, हे छापायचं नाही, हे लेखकाला विचारायचं आहे. भिंगकाकांच्या हयातीत त्यांचा गोल चुकला नव्हता. त्या दिवशी पेन्सिल गोल काढायला उचलली आणि खिडकीतून कुठूनतरी शिवणयंत्राचा आवाज आला. खरा की डोक्यातला, देव जाणे. ते ऐकत राहिले. गोल काढायचा राहिला.

टकटकताईंनी समासात होतं ते घातलं. त्या अर्थ पाहत नाहीत. अर्थ पाहिला तर पत्र्यावरचा पाऊस थांबेल. मालकांनी रंग पाहिला. कंपनीने आकार पाहिला. आणि लेबलं छापली गेली, चिकटली, दुकानांत गेली. प्रत्येक बाटलीच्या पाठीवर, शेवटच्या ओळीत, त्याच बारीक पण स्वच्छ अक्षरांत:

सुगंध म्हणजे काय?

लोक लेबलं वाचत नाहीत असं कोण म्हणतं? उत्तरं वाचत नसतील, प्रश्न वाचतात. पहिल्यांदा बँकवालेच बाटली घेऊन वर आले. “अहो, ही स्पर्धा आहे का? उत्तर कुठे पाठवायचं?” वहिनींनी कंपनीला फोन लावला, लागला नाही, सगळं गाव तोच क्रमांक फिरवत होतं. दुकानदाराला गिऱ्हाईकं विचारू लागली, दुकानदार पुरवठादाराला, पुरवठादार कंपनीला. गोड आवाजाच्या मुलीचा घसा बसला. आणि मग, साहेब, इतके दिवस न हललेलं तुमचं खातं हललं. किती तत्परतेने हललं. तुमच्या खात्याचं पत्र छापखान्यात आलं, की लेबलावर माहिती असावी लागते, प्रश्न ही माहिती नव्हे, सबब नियमभंग झाला आहे.

मालकांनी भिंगकाकांना आत बोलावलं. समोर कंपनीचा माणूस बसला होता, इस्त्रीचा, दवासारखा ताजा.

“भिंगकाका,” मालक म्हणाले, “नजरचुकीने झालं, एवढं लिहून द्या. प्रश्न रद्द समजावा म्हणा. विषय संपला. नाहीतर माझं गिऱ्हाईक जातं आणि मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही.”

“गोल राहिला, ही चूक माझी,” भिंगकाका म्हणाले. “ती लिहून देतो.”

“आणि प्रश्न?”

“प्रश्न कसा रद्द करणार? शंका काढली की उत्तर आल्याशिवाय खोडत नाहीत, मालक. तुम्हीच शिकवलंत मला. यांनी उत्तर सांगावं, मी आत्ता खोडतो.”

कंपनीचा माणूस हसला. “काका, इतक्या बारीक गोष्टीत कशाला शिरता?”

“मी आयुष्यभर बारीकच वाचलंय,” भिंगकाका म्हणाले. “मोठं वाचायला तुमच्या बाटलीची पुढची बाजू आहेच की.”

ते भिंग खिशात घालून बाहेर पडले. टकटकताईंची बोटं पहिल्यांदाच थांबलेली होती. नोकरी गेली की राहिली, ते तेव्हा कोणीच बोललं नाही. त्याचा अर्थ त्यांनी जिना उतरताना लावला आणि घरी पोचताच तो विसरून गेले, कारण घरासमोर रिक्षा उभी होती आणि रिक्षातून काकू उतरत होत्या.

“दुकानात बाटली पाहिली,” काकू म्हणाल्या. “बहिणीला म्हटलं, हा प्रश्न आमच्याकडचा आहे. असं दुसरं कोणी विचारत नाही.” मग जरा थांबून, “वास गेला?”

दोघं वर गेले. भिंगकाकांनी दार उघडलं. खिडक्या किती दिवस सताड उघड्या होत्या. पडदे तीनदा धुतले होते, साध्या पाण्याने. गादी उन्हात घातली होती. काकूंनी उंबऱ्यात उभं राहून श्वास घेतला. भिंगकाका त्यांच्या छातीकडे बघत राहिले, भिंगाखाली एखादं अक्षर बघावं तसे. दुसरा श्वास. आणि मग तो खोकला, आवळून येणारा.

काकू मागे सरल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “भिंतीत गेलाय हो तो.”

आता रोज संध्याकाळी त्या बहिणीकडून येतात. बाहेरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. भिंगकाका आतून चहा करून आणतात आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पाटावर बसतात. मध्ये दार. शिवणयंत्र अजून आतच आहे. कधी कधी ते चाक नुसतंच फिरवतात, आवाज ऐकायला. काकू बाहेरून सांगतात, तेल घाला त्याला. बँकवाले जिन्यावरून जाताना खाकरतात. ऊन उतरतं, समोरच्या घरांवर धुकट उजेड राहतो, आणि दोघं जण दोन वेगवेगळ्या हवांमध्ये बसून एकच चहा पितात.

“आत कधी येऊ मी?” काकू रोज विचारतात.

भिंगकाकांना सांगता येत नाही. काय आहे ते कळलं तर किती दिवस टिकतं ते कळेल, कशाने निघतं ते कळेल, की निघतच नाही ते तरी कळेल. नाव नाही, म्हणून काही नाही. ते म्हणतात, “विचारलंय मी. उत्तर आलं की सांगतो.”

तर साहेब, गोष्ट इथवर आहे. पुढची तुमच्याकडे आहे. त्या बाटलीत काय आहे ते एका शब्दामागे न लपता, एक एक नाव घेऊन सांगा. आणि ती बाई तिच्या घरात कधी येईल, ते सांगा. उद्या सांगतो म्हणू नका, मीटिंगमध्ये आहे म्हणू नका. गॅलरीत चहा निवतोय. बोला.